पूडल-संकर कुत्रं घरी आणताना: नावावर जाऊ नका, केस बघा

लॅब्राडूडल, गोल्डनडूडल, कॉकापू, कॅव्हापू, माल्टीपू, श्नूडल, बर्नीडूडल. नावं गोड, फोटो त्याहून गोड. पण पिल्लू मोठं झाल्यावर कसं निघेल हे या नावांवरून फारसं कळत नाही. आईबापांपैकी एक जण पूडल होता, एवढीच खात्री नाव देतं, आणि कधीकधी तेवढीही नाही, कारण आईबाप दोघंही डूडलच, म्हणजे पूडल-संकरच, असू शकतात. उंची किती होईल, केस घरभर पडतील का, रोज कंगवा घेऊन किती वेळ बसावं लागेल, हे ज्या त्या पिल्लाच्या वंशावरून ठरतं. पहिल्यांदाच असं कुत्रं घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय तपासावं, ते पुढे लिहिलं आहे. मी वेळ सर्वात जास्त केसांवर घालवणार आहे, कारण ही कुत्री लोकांना आवडतात ती केसांमुळे, आणि नकोशी होतात तीही बहुतेकदा केसांमुळेच.

पायरी १: आधी पूडल ओळखा

पूडल म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रदर्शनातलं, गोंडे ठेवून कातरलेलं नाजूक कुत्रं येतं. मुळात हे पाण्यात उतरून शिकार केलेली बदकं आणून देणारं कामाचं कुत्रं. ते गोंडेसुद्धा कामातूनच आले असं मानतात: पोहताना अडचण नको म्हणून बाकीचे केस कापायचे, आणि थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून छातीवर आणि सांध्यांवर तेवढे ठेवायचे.

अमेरिकेत पूडलचे तीन आकार धरतात: स्टँडर्ड, मिनिएचर आणि टॉय. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआय त्यांच्या अधेमधे मीडियम हा आणखी एक आकार घालून चार करते. तिच्या मापाने टॉय २४ ते २८ सेंटीमीटरचा, तर स्टँडर्ड ४५ ते ६० सेंटीमीटरचा. म्हणजे ‘गोल्डनडूडल’ या एकाच नावाखाली मांडीवर मावणारं कुत्रंही येतं आणि पुढचे पाय ओट्यावर टेकवून भांड्यात डोकावणारंही. पूडल कोणत्या आकाराचा होता, हा ब्रीडरला विचारायचा पहिला प्रश्न.

स्वभावाचं म्हणाल तर पूडल हुशार, माणसांचं फार बारकाईने निरीक्षण करणारा आणि हळवा असतो. घरातले आवाज चढले तरी त्याला कळतं. ही हुशारी संकरात बऱ्याचदा उतरते. ती सुखाची आहेच, पण रिकामं बसलेलं हुशार कुत्रं स्वतःच काम शोधून काढतं: चपला, सोफ्याचे कोपरे, दारावरची बेल. दिवसभर एकटं राहील असं कुत्रं हवं असेल तर हा पर्याय सोडून द्या.

पायरी २: अ‍ॅलर्जीचा प्रश्न आधी मिटवा

‘या कुत्र्याची अ‍ॅलर्जी होत नाही’ हे वाक्य तुम्हाला जाहिरातीत हमखास भेटेल. त्याचं मूळ लॅब्राडूडलच्या गोष्टीत आहे. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाईड डॉग असोसिएशनमध्ये वॉली कॉनरन काम करत. हवाईमधल्या एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्रं हवं होतं आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरननी आधी स्टँडर्ड पूडल पारखून पाहिले, त्यांतला एकही या कामाला उतरेना. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्लं झाली तीन. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, आणि त्या माणसाला चाललं त्यांपैकी एकच पिल्लू.

जाहिरातीत गाळलं जातं ते हेच. तीच आई, तोच बाप, एकाच वेतातली पिल्लं, आणि तरीही निकाल वेगळा. उरलेली पिल्लं सांभाळायला कुणी तयार होईना, संकरित कुत्रं कुणाला नको होतं. मग कॉनरननी ‘लॅब्राडूडल’ हे नाव पुढे केलं आणि मागणीची रांग लागली. त्यानंतर नुसत्या नावावर कुत्री विकणाऱ्यांचा जो सुळसुळाट झाला, तो पाहून २०१९ मध्ये त्यांनी या संकराचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं.

अ‍ॅलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीवरच्या कोंड्यात असणाऱ्या प्रथिनांची. त्यातलं मुख्य कॅन एफ १. केस हे फक्त त्याचं वाहन. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांचे केस आणि त्यांच्या घरांतली धूळ तपासली. ज्यांना ‘अ‍ॅलर्जीमुक्त’ म्हणतात त्या जातींच्या केसांत हे प्रथिन इतरांपेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच सापडलं. लॅब्राडूडल असलेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेतल्या प्रमाणात फरक पडला नव्हता.

तेव्हा घरात कुणाला अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर त्या व्यक्तीने त्याच पिल्लाजवळ, आणि त्याच्या आईजवळही, वेगवेगळ्या दिवशी काही तास बसून पाहावं. हातावर चाटू द्यावं. पिल्लू मोठं झाल्यावर त्याचे केस बदलतात आणि प्रतिक्रियाही बदलू शकते, म्हणून एकदा चाचणी पार पडली की विषय संपला असंही समजू नये. दमा तीव्र असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

पायरी ३: दुसरा पालक निवडा

निम्मं कुत्रं पूडलच्या बाजूचं, पण उरलेलं निम्मं तुमच्या दिनक्रमाशी जुळलं पाहिजे. लोक इथेच घाई करतात.

लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर ही कामाची, दमदार कुत्री. त्यांचं पूडलशी झालेलं पिल्लू दिसायला कितीही मऊ असलं तरी त्याला रोज भरपूर पळायला लागतं. माणसांत रमणारं, चुकलं तरी सांभाळून घेणारं पहिलं कुत्रं हवं असेल आणि जागा व वेळ दोन्ही असेल, तर गोल्डनडूडल हा बरा आरंभ. कॉकर स्पॅनियलचा कॉकापू आकाराने आटोपशीर असतो, पण स्पॅनियलचं नाक आणि चुळबुळ घेऊन येतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलचा कॅव्हापू बहुधा सर्वात मवाळ, मांडीवर बसणारा. लहान घरात, वयस्कर माणसांसोबत तो चांगला रुळतो. माल्टीज, शिह त्झू आणि यॉर्कशायर टेरियर यांचे माल्टीपू, शिहपू, यॉर्कीपू ही आणखी लहान मंडळी. हाडं नाजूक, दात दाटीवाटीने आलेले, आणि गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास टॉय पूडलकडून येऊ शकतो. घरात धसमुसळी लहान मुलं असतील तर इतकं छोटं पिल्लू घेऊ नका. ‘टीकप’ म्हणून मुद्दाम अतिलहान केलेली पिल्लं तर कुणीच घेऊ नयेत. त्यांची रक्तातली साखर पटकन खाली जाते.

ऑस्ट्रेलियन शेफर्ड किंवा बॉर्डर कोलीशी केलेले संकर दिसायला विलक्षण असतात: करडे ठिपके, निळे डोळे. पण ही दोन्ही कुत्री मेंढ्या वळणारी. त्यांच्या चपळाईला पूडलची बुद्धी मिळाली की जे तयार होतं ते नवशिक्याला झेपणं कठीण. पळणारी मुलं, सायकली, सगळ्यांना ते वळवू बघतं. ठिपक्यांचा हा मर्ल रंग आईबापांपैकी एकातच असावा. दोघांतही असला तर काही पिल्लं बहिरी किंवा आंधळी जन्मू शकतात. ओल्ड इंग्लिश शीपडॉगचा शीपाडूडल आणि बर्नीज माउंटन डॉगचा बर्नीडूडल यांच्या केसांचा पसारा मोठा, उन्हाचा त्रासही जास्त.

पायरी ४: पिढी विचारा, मग केसांचा अंदाज बांधा

ब्रीडर एफ१, एफ१बी, एफ२ असे शब्द वापरतात. शुद्ध पूडल आणि शुद्ध दुसरी जात यांचं पिल्लू म्हणजे एफ१. ते पुन्हा पूडलशी जुळवलं की एफ१बी, म्हणजे सरासरी चारातले तीन भाग पूडल. दोन एफ१ एकत्र आणले की एफ२. त्यापुढच्या अनेक पिढ्यांना मल्टिजेन म्हणतात. ‘ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वंशांत कॉकर स्पॅनियलसारख्या इतर जातीही मिसळलेल्या आहेत.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं की कुत्र्यांच्या केसांतली बरीचशी विविधता फक्त तीन जनुकांनी ठरते: लांबी, कुरळेपणा आणि दाढी-मिशा. ही दाढी-मिशा-भुवयांची झालर संकर घेणाऱ्यासाठी सर्वात कामाची, कारण ती असलेल्या कुत्र्यांचे केस साधारणपणे कमी गळतात. ते जनुक एका पालकाकडून आलं तरी पुरतं. पूडलकडे ते दोन्ही प्रतींत असतं, म्हणून एफ१ पिल्लांना झालर येते. एफ१बीमध्ये पूडल पुन्हा आला की तिथेही येते. गडबड होते एफ२ मध्ये. दोन्ही पालकांकडे एकेकच प्रत, त्यामुळे सरासरी चारातलं एक पिल्लू सपाट तोंडाचं निघतं आणि लॅब्राडोरसारखे केस गाळत फिरतं. हे आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या तोंडाकडे पाहून बऱ्यापैकी ओळखता येतं: नाकाच्या वरच्या बाजूचे आणि डोळ्यांमधले केस आखूड, चपटे बसलेले असतील तर झालर नाही असं समजा. शंका असेल तर डीएनए चाचणी आहे.

लांबीचं गणित उलटं. लांब केस यायला दोन्ही पालकांकडून लांब केसांचं जनुक यावं लागतं. गोल्डन रिट्रीव्हर लांब केसांचा, म्हणून एफ१ गोल्डनडूडलला लांब, लाटेदार केस येतात. लॅब्राडोर आखूड केसांचा, म्हणून एफ१ लॅब्राडूडल पुष्कळदा विरळ, खरखरीत, विस्कटलेल्या केसांचा निघतो. फोटोतल्यासारखा लोकरी लॅब्राडूडल हवा होता आणि हे काय आलं, असं वाटून घेणारे बरेच आहेत. माझं मत विचाराल तर नवशिक्यासाठी तो विस्कटलेलाच बरा. थोडे केस गळतील, पण गुंता कमी होईल.

कुरळेपणा जितका जास्त तितके केस घरात कमी पडतात, कारण गळलेला केस कुरळ्यांतच अडकून राहतो. आणि अडकलेला केस म्हणजेच पुढची जट. झाडू वाचतो आणि कंगवा वाढतो, हा या कुत्र्यांचा सरळ व्यवहार आहे. एफ१बी घेताना तो डोळसपणे करा.

पायरी ५: कागद मागा

‘संकर म्हणजे आपोआप निरोगी’ हा दुसरा लोकप्रिय समज. २०२४ मध्ये ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. नऊ हजारांहून अधिक कुत्री, ५७ नेहमीचे आजार. ८६.६ टक्के तुलनांत काही फरकच आढळला नाही. उरलेल्यांत कुठे संकर वरचढ, कुठे मूळ जात.

याचं कारण एका उदाहरणाने कळेल. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए नावाचा आनुवंशिक आजार आहे. त्याचं एकच उत्परिवर्तन पूडल, लॅब्राडोर आणि कॉकर स्पॅनियल या तिघांतही आढळतं. आई वाहक (स्वतः निरोगी, पण दोषाची एक प्रत बाळगणारी) आणि बापही वाहक असेल तर जाती वेगळ्या असूनही सरासरी चारातलं एक पिल्लू पुढे आंधळं होऊ शकतं. दोघांची डीएनए चाचणी करून जोडी जुळवली तर हे पूर्ण टळतं.

म्हणून ब्रीडरकडे दोन्ही पालकांचे निकाल कागदावर मागा. ‘डॉक्टरांनी तपासलंय’ हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. मोठ्या संकरांत खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे अहवाल, कॅव्हापूमध्ये कॅव्हेलियर पालकाची हृदयतपासणी (त्या जातीत हृदयाची झडप झिजण्याचा आजार फार आढळतो), लहान संकरांत गुडघे, आणि सगळ्यांतच डोळे. खुब्याचा दोष एका डीएनए चाचणीने कळत नाही, त्याला एक्स-रेच लागतो. ‘सगळ्या डीएनए टेस्ट क्लिअर’ असं ऐकून भारावून जाऊ नका.

पिल्लू त्याच्या आईसोबत, ते जिथे वाढतंय तिथे जाऊन पाहा. आई दाखवायला टाळाटाळ, बाहेर कुठेतरी भेटून पिल्लू द्यायची तयारी, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू न्यायचा आग्रह, एकाच वेळी अनेक प्रकारचे डूडल विक्रीला: यातलं काहीही दिसलं की परत फिरा. चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो, आणि पुढे काही कारणाने कुत्रं ठेवता आलं नाही तर परत घ्यायची हमी देतो.

मोठ्या झालेल्या कुत्र्याचाही विचार करा. केसांच्या कामाला कंटाळून किंवा ताकदीला घाबरून लोक अशी कुत्री वर्षा-दोन वर्षांची असताना निवारागृहात सोडतात. त्यांचा आकार, केस आणि स्वभाव तोवर समोर आलेला असतो. वर सांगितलेली सारी अनिश्चितता तिथे संपते, आणि घरातल्या अ‍ॅलर्जीची परीक्षाही खऱ्याखुऱ्या केसांवर घेता येते.

पायरी ६: घरी आल्यावरचे पहिले आठवडे

लसीकरण आणि जंतनाशकाचं वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्या, ते वेगळं सांगायला नको. या कुत्र्यांसाठी खास गोष्ट एकच: अंगाला हात लावून घ्यायची सवय. पिल्लाच्या आयुष्यातला साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा नव्या गोष्टी विनातक्रार स्वीकारण्याचा काळ. त्यातला निम्मा तुमच्या हाती येण्याआधीच सरलेला असतो. पहिल्या दिवसापासून पंजे धरणं, बोटांमध्ये बोट घालणं, कान उचलून आत पाहणं, हनुवटी हातात घेणं, लांबून ड्रायरचा आवाज ऐकवणं सुरू करा. दोन मिनिटं, वर खाऊचा तुकडा. पिल्लू अजून मस्तीत असतानाच थांबा. हे आता केलं नाही, तर वर्षभराने तेच काम दात दाखवणाऱ्या वीस किलोंच्या कुत्र्यावर करावं लागतं.

एकटं राहण्याचा सरावही याच काळात, थोडाथोडा. पूडलच्या रक्ताची कुत्री माणसाच्या मागेमागे असतात. ते गोड वाटतं, पण तुम्ही बाहेर गेल्यावर त्याचंच रडणं होतं.

पायरी ७: कंगवा

साहित्य तीनच गोष्टींचं. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, अर्धी बाजू विरळ आणि अर्धी दाट दात्यांचा धातूचा कंगवा, आणि गुंता सोडवायचा स्प्रे. यांत कंगवा मुख्य. ब्रश वरचे केस फुलवतो आणि कुत्रं छान दिसायला लागतं, पण कातडीजवळ नमदा तसाच जमलेला राहतो. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच विंचरणं झालं.

पद्धत अशी. कुत्र्याला न घसरणाऱ्या चटईवर उभं किंवा आडवं करा. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात. एका हाताने केस वर धरून भांग पाडा, म्हणजे कातडीची रेघ दिसेल. त्या रेघेखालची एक पातळ बट स्प्रेने ओलसर करून ब्रशने सोडवा, मग कंगवा फिरवा. तो अडला नाही की रेघ थोडी वर न्या. असं थराथराने वर चढत जायचं. कानांमागे, पट्ट्याखाली, पुढच्या पायांच्या काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, शेपटीच्या बुडाशी आणि बोटांमध्ये गुंता आधी होतो. रोज सगळं अंग जमलं नाही तरी या जागा सोडू नका. हार्नेस घालत असाल तर घरी येताच काढा. त्याच्या घासण्याने काखेत एका दिवसातही गाठी बसतात.

गुंता असताना अंघोळ घालू नका. पाण्याने गाठ आवळते आणि वाळल्यावर तिचा नमदा होतो. क्रम नेहमी विंचरणं, अंघोळ, वाळवताना पुन्हा विंचरणं असा. जट कात्रीने कापायचा मोह आवरा. आतली कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही. लोंबत्या कानांत ओल राहिली की संसर्ग होतो, म्हणून पोहून किंवा अंघोळ करून आल्यावर कान कोरडे करा. वास आला किंवा कुत्रं सारखं डोकं झटकू लागलं तर पशुवैद्याला दाखवा.

सहाव्या महिन्यापासून सव्वा वर्षापर्यंत कधीतरी पिल्लाचं जावळ जाऊन मोठेपणीचे केस येतात. जुने मऊ केस नव्या दाट केसांत अडकतात आणि कालपर्यंत नीट असलेलं अंग दोन दिवसांत गुंततं. तोवर आठवड्यातून तीनदा विंचरून भागत होतं, आता रोज लागेल. काही आठवड्यांचा हा काळ निभावला की पुढचं सोपं जातं.

पायरी ८: ग्रूमर

लसीकरण पूर्ण होताच ग्रूमरची, म्हणजे कुत्र्यांचे केस कापून निगा राखणाऱ्याची, पहिली भेट घ्या, कापायचं काही नसलं तरी. अंघोळ, नखं, डोळ्यांवरची थोडी छाटणी एवढंच. पुढे सहा ते आठ आठवड्यांनी पूर्ण कटिंग. हा खर्च कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो, तो आधीच धरून ठेवा. कटिंग घरी शिकता येतं, पण सुरुवातीला काही वेळा शेजारी उभं राहून पाहा.

ग्रूमरला फोटो दाखवा, पण सोबत अंगावर केस किती सेंटीमीटर ठेवायचे, तोंडावर किती, शेपूट कापायची की नाही, हेही सांगा. ‘टेडी कट’ म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी असतं. घरी रोज विंचरणं जमत नसेल तर लांबी एक-दोन सेंटीमीटरच ठेवायला सांगा. कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही.

कातडीपर्यंत नमदा झाला असेल आणि ग्रूमर ‘सगळं उतरवावं लागेल’ म्हणाला, तर हुज्जत घालू नका. तासन्‌तास ओढून सोडवणं कुत्र्यासाठी छळ आहे. उतरवल्यावर कातडी लाल दिसू शकते. कानांची टोकं मोकळी झाल्याने कुत्रं डोकं झटकतं, त्यावर लक्ष ठेवा, आणि काही दिवस कडक उन्हापासून जपा. केस पेरभर वाढले की लगेच कंगवा हातात घ्या. तेवढ्या केसांत गुंता नसतो, कंगवा ओढत नाही, आणि आधी पळून जाणारं कुत्रंही खाऊच्या आशेने विंचरून घ्यायला थांबायला शिकतं.